रांगोळीचा शिधा

खूप वर्षांमागची गोष्ट. एका डोंगराळ मुलखावर एक राजा राज्य करत होता. राजा मनानं चांगला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे घडलं ते दुष्टपणानं घडलं असं कुणी समजू नये.

त्या मुलखात लागोपाठ दोन वर्षं पीक बुडालं. नाचणीची कणसं भरलीच नाहीत. कणग्या तळापर्यंत झाडून झाल्या, बियाण्याचंही पीठ झालं. राजाच्या कानावर गेलं, तेव्हा तो स्वतः घोड्यावर बसून मुलूख बघायला निघाला.

एका गावात त्याला एक पडकं खोपट दिसलं. छपराला भोकं होती, पण दारात हिरवागार सडा आणि सड्यावर पांढरीशुभ्र रांगोळी. राजा घोडा थांबवून म्हणाला, "वा! अशा घराला द्यावंसं वाटतं."

राजा सहज बोलला. पण राजाचं सहज बोलणं सहज राहत नाही. शेजारी प्रधान होता, त्यानं ते शब्द झेलले. म्हणाला, "खरं आहे महाराज. फुकटचं माणसाला पचत नाही. दारात रांगोळी असली म्हणजे घरधनीण पहाटे उठते. पहाटे उठते म्हणजे आळशी नाही. आळशी नाही म्हणजे दिलेलं वाया जाणार नाही."

राजाला पटलं. पोट भरलेल्या माणसाला असलं लवकर पटतं.

मग गावोगावी दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! ज्या दारात सूर्य उगवायच्या आत सडा आणि घरधनिणीच्या हातची रांगोळी, त्या घराला दर आठवड्याला कोठारातून शिधा! ज्याचा उंबरा एक दिवस जरी कोरा, त्याचा शिधा पुढचं पीक येईपर्यंत बंद हो!"

त्या मुलखात डोंगराच्या कुशीला एक गाव होतं. गावाच्या शेवटच्या घरात धुरपा नावाची बाई राहत होती. तिचा नवरा सिदू लाकूडतोड्या. झाडावरून पडून त्याचं कंबरडं मोडलं होतं, तो बाजेवरच असायचा. थोरली लेक चिमी पाच वर्षांची आणि धाकटं पाळण्यात. कमावणारं कुणी नाही, खाणारी चार तोंडं. कोठारातून आठवड्याला जी नाचणी यायची, तिच्यावरच त्या घराचा जीव होता.

धुरपा रोज कोंबड्याच्या आधी उठायची. ओढ्यावरून घागर आणायची, सडा घालायची आणि डोंगरातला पांढरा दगड कुटून केलेल्या भुकटीनं रांगोळी काढायची. ठिपके असे नेमके, की जणू दोरा धरून टाकलेत.

उंबरे बघायला रोज एक नाईक यायचा. गावातल्या बायका त्याला उंबरेनाईक म्हणत. खाली मान घालून तो गल्लीतून चालायचा आणि प्रत्येक दारासमोर म्हणायचा, "आहे. आहे. आहे." उंबरे बघून बघून त्याची माणसांकडं बघायची सवयच मोडली होती. कुणाचं तोंड त्याला ओळखू येत नसे, पण प्रत्येकीचा हात ओळखू येई. ही रेघ हौसाची, हे ठिपके धुरपाचे, हे त्याला दुरूनच कळायचं.

सुरुवातीला सगळं छान दिसलं हो. गल्ल्या स्वच्छ झाल्या, माश्या हटल्या. प्रधान म्हणाला, "बघा महाराज!" पण आधी रांगोळी लक्ष्मीसाठी असायची, पाहुण्यासाठी असायची. आता ती नाइकासाठी झाली, एवढं मात्र कुणी बोललं नाही.

धुरपाचं माहेर डोंगरापलीकडं होतं. तिच्या अंगणातून डोंगराची खिंड दिसायची. त्या खिंडीतून दीड दिवस चाललं की आईचं दार. जाऊन येऊन तीन दिवस. दवंडी पिटल्यापासून सात महिने उलटले, ती माहेरी गेली नव्हती. भाकरी थापता थापता तिची नजर खिंडीकडं जायची आणि तव्यावरची भाकर करपायची.

सिदू बाजेवरून म्हणायचा, "आज भाकरीला माहेरचा वास येतोय गं."

"गप बसा," ती म्हणायची आणि करपलेली बाजू आपल्या ताटात वाढून घ्यायची.

एक दिवस खिंड उतरून बांगड्या विकणारा कासार आला. धुरपाच्या ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "तुझ्या आईचा निरोप आहे, बाई. अंथरुणाला खिळलीय. पेजसुद्धा उतरत नाही घशाखाली. म्हणाली, धुरपीला सांगा, एकदा तोंड दाखवून जा. रागावले नाही म्हणावं. वाट बघते म्हणावं."

धुरपाच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"मुद्दाम सांगितलं तिनं," कासार म्हणाला, "रागावले नाही, हे आधी सांगा म्हणाली."

दुसऱ्या दिवशी पहाटे धुरपा रांगोळी काढून दारातच उभी राहिली. नाईक आला, खाली बघून "आहे" म्हणाला आणि पुढं निघाला.

"नाईक, जरा थांबा. माझी आई आजारी आहे. तीन दिवस माहेरी जाऊ द्या. आल्यावर तीन दिवसांच्या बदल्यात तीस दिवस दुप्पट मोठी रांगोळी काढीन."

नाईक रांगोळीकडं बघतच म्हणाला, "बाई, अट म्हणजे अट. आज तुला आईसाठी सोडलं, तर उद्या दहा जणी मावशीसाठी येतील, परवा वीस जणी मामेबहिणीच्या सासूसाठी."

"दहा जणींच्या आया नाही आजारी. माझी आहे."

"तुझं खरं असेल. पण खरंखोटं बघायला मला कुणी नेमलं नाही. मला उंबरे बघायला नेमलंय." नाईक वाईट माणूस नव्हता. जाता जाता हळूच म्हणाला, "नको जाऊस. पीक यायला चार महिने आहेत. लेकरं काय खातील?"

हाच तर तिच्या काळजातला काटा होता. लेकरं काय खातील?

शेजारची हौसा भिंतीआडून सगळं ऐकत होती. तोंडाची फटकळ, पण पोटात माया असलेली बाई. ती आली नि म्हणाली, "जा तू. तुझी रांगोळी मी काढते. त्या मुडद्याला काय कळतंय?"

"हात ओळखतो तो, हौसाक्का. तुझाही शिधा जाईल."

हौसाच्या घरातही खाणारी तोंडं होतीच.

मग सिदू बाजेवरून म्हणाला, "मी काढतो. सरपटत जाईन उंबऱ्यापर्यंत. मला शिकव."

धुरपानं त्याच्यापुढं भुईवर राख पसरली. त्यानं चिमटीत पांढरी भुकटी धरली आणि चार ठिपके टाकले. एक इकडं, एक तिकडं, दोन एकमेकांवर. चिमी टाळ्या पिटत ओरडली, "आई, बानं कोंबडी काढली!"

"कोंबडी नाही गं, कोंबडीनं उकरलेलं आहे ते," हौसा म्हणाली. सगळी हसली, सिदूसुद्धा. हसता हसता धुरपाला रडू कोसळलं. मग सिदूनं राख हातानं पुसून टाकली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

दिवस जाऊ लागले. धुरपा मनात तोलत राहायची. आई होऊन लेकरांना उपाशी ठेवू, की लेक होऊन आईला वाट बघायला लावू? एका पारड्यात पाळणा, एका पारड्यात आईचं अंथरूण. पाळणा हलला की पारडं तिकडं झुकायचं. पीक येऊ दे, मग जाईन, असं ती स्वतःला समजवायची. आई एवढे दिवस थांबलीय, थोडे आणखी थांबेल.

पण हाताला समजूत पटत नाही. तिच्या रांगोळीत आपोआप डोंगर येऊ लागला. डोंगरात खिंड, खिंडीतून नागमोडी वाट, वाटेच्या टोकाला एक दार. रोज पहाटे ती बोटानं त्या वाटेवरून माहेरी जायची. सूर्य उगवायच्या आत परत यायची. सगळं माहेरपण चार बोटं जागेत.

एक दिवस नाईक ती बघून थांबला. रांगोळी बघून एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो "आहे"च्या पुढं काही बोलला. "छान काढलीस गं आज. असं मन लावून काढावं."

धुरपा घागर उचलून आत गेली.

कासाराचा निरोप आला त्याला वीस दिवस झाले. धुरपा सडा घालून ओणवी झाली होती, पहिला ठिपका टाकायच्या बेतात होती. समोर दोन पावलं येऊन थांबली. धुळीनं भरलेली, अनवाणी. तिनं वर पाहिलं. तिचा धाकटा भाऊ होता.

"आक्का," तो म्हणाला आणि त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं.

"कधी?"

"परवा सकाळी. शेवटपर्यंत बाज दारातच टाकायला लावली होती. खिंड दिसते तिथून. कुणी उतरताना दिसलं की विचारायची, धुरपी का रे ती? सगळं उरकूनच आलोय. तू आता धावत येऊन काय करणार? दहाव्याला ये."

धुरपाच्या चिमटीतली भुकटी खाली सांडली. तिचा ठिपका झाला नाही, नुसताच ढीग झाला. तो तिनं पदरानं पुसून टाकला.

त्या मुलखाची रीत अशी, की लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सुतक तीन दिवस. आणि सुतकाच्या घरासमोर रांगोळी काढत नाहीत. कोरा उंबरा बघितला, की रस्त्यानं जाणाराही समजतो, या घरातलं कुणी गेलं.

थोड्या वेळानं नाईक आला. "आहे, आहे, आहे," करत शेवटच्या घरापाशी पोचला आणि अडखळला. "कोरा?"

"सुतक आहे," सिदू आतून म्हणाला. "तिची आई गेली."

नाइकानं पहिल्यांदाच मान वर केली. उंबऱ्यावर बसलेल्या बाईचं तोंड बघितलं. मग इकडं तिकडं बघून खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, दवंडीत सुतकाचं काही सांगितलेलं नाही. पण एक कर. चार ठिपके टाक. चारच. मी 'आहे' म्हणतो आणि जातो. कुणाला कळायचं नाही."

धुरपा शांतपणे म्हणाली, "आई जिवंत होती तेव्हा तिच्यासाठी तीन दिवस मागितले, तुम्ही दिले नाहीत. मीही घेतले नाहीत, नाईक. लेकरांकडं बघून घाबरले. आता ती गेली. आता तरी हे तीन दिवस मी तिलाच देणार."

"लेकरं?"

"लेकरं आहेत. मी पण आहे. बघू."

नाईक "कोरा" म्हणाला आणि निघून गेला.

धुरपा तशीच बसून राहिली. तिला राहून राहून एकच कळत होतं. तेव्हाही तीनच दिवस होते, आताही तीनच आहेत. तेव्हाही शिधा गेला असता, आताही गेलाच. मग तेव्हाच का नाही गेले? तेव्हा गेले असते, तर आई दिसली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे हौसा सडा घालून रांगोळीची वाटी घेऊन बसली. तिची नजर शेजारच्या कोऱ्या उंबऱ्यावर गेली. हौसाच्या लेकीचं पहिलं बाळंतपण गेल्या थंडीत झालं होतं, लांबच्या गावी. लेकीनं आईला बोलावलं होतं. हौसा गेली नव्हती. ते बाळ चार दिवसांत गेलं. हौसानं त्या दिवशीही रांगोळी काढली होती, त्यात रंगसुद्धा भरले होते. ती वाटी घेऊन उठली आणि आत गेली. तिचा उंबरा कोरा राहिला.

पलीकडच्या बाईनं हौसाचा कोरा उंबरा पाहिला. तिलाही काहीतरी आठवलं. तिच्या पलीकडचीलाही. आधी कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एकीचं बघून दुसरीनं आपलं झाकून ठेवलेलं दुःख उघडं केलं, एवढंच. तिसऱ्या दिवशी पहाटे अख्ख्या गावात एकाही दारात रांगोळी नव्हती.

नाईक वेशीतून आत शिरला. कोरा. कोरा. कोरा. एक गल्ली, दुसरी गल्ली, सगळे उंबरे कोरे. कोरा उंबरा म्हणजे घरातलं माणूस गेलं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याला वाटलं, पटकी आली, गाव साफ झालं! एक दार वाजवून बघावं, एक हाक मारावी, एवढंही त्याला सुचलं नाही. तो उलट्या पावली पळत सुटला तो थेट राजवाड्यात. "महाराज, गाव मेलं! घराघरात सुतक आहे!"

राजा वैद्यांना घेऊन, जळणाच्या लाकडांच्या गाड्या घेऊन धावत आला. बघतो तर काय, पोरं गोट्या खेळतायत, ओढ्यावर बायका धुणं बडवतायत.

"अरे, ही तर सगळी जिवंत आहेत!" राजा नाइकाला म्हणाला.

हौसा धुणं टाकून पुढं आली. "अर्धी, महाराज. अर्धी जिवंत आहेत. लाकडं परत नेऊ नका, कामाला येतील."

"मग उंबरे कोरे का?"

"सुतक आहे म्हणून. माझ्या नातवाचं सुतक मी आज धरलंय. गेल्या थंडीत धरायला फुरसत नव्हती, रांगोळी काढायची होती." तिनं बोट दाखवलं. "ती भावाच्या लग्नाला गेली नाही. त्या पलीकडचीनं तापानं फणफणलेलं पोर टाकून पाणी आणलं, सड्यासाठी. आणि त्या शेवटच्या घरात धुरपा आहे. तिला विचारा."

राजा शेवटच्या घराशी गेला. धुरपा उठून उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. राजाचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "माझ्याकडून चूक झाली. तू काय मागशील ते देतो."

धुरपा म्हणाली, "तीन दिवस द्या, महाराज. वीस-बावीस दिवसांमागचे."

राजाच्या कोठारात धान्य होतं, तिजोरीत सोनं होतं. तीन दिवस कुठंच नव्हते. राजानं मान खाली घातली.

प्रधान पुढं सरसावला. "पण महाराज, अट काढली तर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ओळखायचं तरी कसं? सगळेच हात पसरतील. आळशीही खातील!"

"एखादा खाईल की," हौसा म्हणाली. "एक आळशी जेवला म्हणून एवढ्या मोठ्या राजाचं कोठार बुडतं होय? आणि ओळखायचं असेल तर खाली बघून नाही कळायचं, प्रधानजी. वर बघा. सकाळी कुठल्या छपरातून धूर निघत नाही ते बघा. ज्याची चूल पेटली नाही, त्याला द्या. झालं."

राजानं तिथंच उभं राहून अट मागं घेतली. धुरपाचा शिधा सुरू झाला. नाइकाला नवीन काम मिळालं. तो आता मान वर करून गल्लीतून फिरायचा. सुरुवातीला चार वेळा ठेचकाळला, पण मग त्याला छपरं दिसू लागली, छपरांखालची माणसंही दिसू लागली. रांगोळ्या काही बंद पडल्या नाहीत. ज्या दिवशी मन झालं त्या दिवशी बायका काढायच्या, ज्या दिवशी माहेरी गेल्या त्या दिवशी उंबरा कोरा राहायचा, आणि कुणी उपाशी राहायचं नाही.

सिदूला हौसाच्या हवाली करून, धाकट्याला झोळीत बांधून, चिमीचं बोट धरून धुरपा खिंड चढली. वाटेत एक वस्ती करून दहाव्या दिवशी सकाळी ती माहेरी पोचली. सगळी नदीकाठी जमली होती. पिंड मांडून उन्हं चढली, पण कावळा शिवत नव्हता. झाडावर बसून होता, खाली येत नव्हता. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली, तर कावळा पिंडाला शिवत नाही म्हणतात.

थोरला भाऊ हात जोडून म्हणत होता, "आई, घराकडं नीट बघीन. गाय विकणार नाही." कावळा हलला नाही. "आई, धाकट्याचं लग्न करीन." कावळा हलला नाही.

धुरपा गर्दीतून पुढं आली. लेकरांसकट पिंडासमोर बसली. तिला खूप काही बोलायचं होतं. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, "आई, आले गं मी."

कावळा उतरला. त्यानं पिंडाला चोच लावली.

लोक म्हणाले, "म्हातारीची इच्छा पुरी झाली." भावानं डोळे पुसले. धुरपा मात्र तिथंच बसून राहिली. कावळा शिवला, पण आईनं हाक ऐकली का, हे कावळा सांगत नाही.

तात्पर्य : भुकेल्याला घास द्यायचा तर भुकेकडं बघून द्यावा, कारण अटीवर दिलेल्या घासाचं मोल माणसाला आपल्या माणसांना मुकून चुकवावं लागतं.